उसातला गवा आणि सड्यावरची वेल

"गवं एवढं वाढल्यात, आणि म्हणं धोक्यात!" राधानगरी-भुदरगडकडं चहाच्या टपरीवर हे हमखास ऐकू येतं. एका रात्रीत लोळवलेला ऊस ज्याने पाहिलाय, त्याचा राग खराच. निष्कर्ष मात्र चुकीचा.

आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, लाल यादीत गवा 'असुरक्षित' ठरला तो इथल्या दाजीपूर अभयारण्यातली शिंगं मोजून नव्हे. तिथला प्रश्न वेगळा: तीन पिढ्यांत, भारतापासून मलेशियापर्यंतच्या मुलखात, ही जात किती घटली? श्रीलंकेतून गवा केव्हाच संपला. कंबोडिया-व्हिएतनाममध्ये शिकारीने कळप विरळ झाले. आपल्याकडे 1958 पासून राखलेलं रान आहे, म्हणून तो दिसतो. आणि दिसणं म्हणजे वाढणं नव्हे. रानाच्या कडेला ऊस आला, लपण आलं. एकच कळप चार शिवारांत फिरला की बोलण्यात चार कळप होतात. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून केलेली पाणवठ्याची मोजणीही शेवटी एका रात्रीचीच. (भरपाई वेळेवर मिळावी ही मागणी रास्तच, पण ती यादीशी भांडून मिळणार नाही.)

मला याहून घातक वाटतो तो उलटा युक्तिवाद: "यादीत नाव नाही, म्हणजे काळजी नाही." 'मूल्यांकन झालेलं नाही' या शेऱ्याचा अर्थ पास असा नाही, पेपरच तपासलेला नाही.

कंदीलपुष्पं पाहा, म्हणजे खर्पुडीची भावंडं. पावसाळ्यात सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, गवतात बोटभर कंदील लटकतो. आत शिरलेल्या चिलटाला नळीतले खाली वळलेले केस बाहेर पडू देत नाहीत, फूल मलूल झालं की सुटका. सह्याद्रीबाहेर कुठेच नसलेल्या यांच्या कितीतरी जाती आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या वर्षानुवर्षं हुडकल्या, वाढवल्या. फैलाव 100 चौरस किलोमीटरच्या आत, तोही तुकड्यांत आणि घटता, असेल तर जात 'अतिसंकटग्रस्त' ठरते. इथे आकडा लहान असणं हाच धोका. एक सडा बॉक्साइटसाठी खरवडला, की हिशेबातला मोठा वाटा गेला.

आणि पाहणी कधी होते, यावरही सगळं आहे. मे महिन्यात सड्यावर गेलात तर कागदावर 'दुर्मीळ वनस्पती आढळली नाही' असंच येणार. कंद तेव्हा चार बोटं मातीखाली, पावसाची वाट बघत असतो.