भिंती पाडल्या, भाडे वाचले. किंमत कोण देतो?

गिरणीतील मागांचा खडखडाट कामगाराचे कान निकामी करतो, हे आपल्या चळवळीला कोणी शिकवावे लागले नाही. परंतु कचेरीतील कारकुनालाही आवाजाचा जाच होतो असे म्हटले, की आपलेच कार्यकर्ते हसतात. वातानुकूलित दालनात बसणाऱ्याची तक्रार ती कसली!

येथे प्रश्न आवाज किती मोठा, हा नसून तो माणसाच्या बोलण्याचा आहे, हा आहे. १९७६ साली कोल व वेल्श यांनी केलेल्या प्रयोगात, डोळ्यांनी वाचलेली अक्षरे क्रमाने आठवणाऱ्यांच्या चुका परभाषेतील बोलणे कानी पडताच वाढल्या. म्हणजे शब्दांचा अर्थही कळण्याची गरज नाही. मी स्वतः आयुष्यभर प्राध्यापकांच्या सामाईक खोलीत उत्तरपत्रिका तपासल्या. शेजारच्या गप्पांपायी किती बेरजा चुकल्या, त्याचा हिशेब आता लागणार नाही.

याहून गंभीर निष्कर्ष २००० साली कॉर्नेल विद्यापीठातील इव्हान्स व जॉन्सन यांनी मांडला. चाळीस कारकून स्त्रियांपैकी काहींना त्यांनी तीन तास खुल्या कचेरीच्या बेताच्या गोंगाटात बसविले. त्यांच्या टंकलेखनात फरक पडला नाही. आपल्याला अधिक ताण जाणवला, असेही त्या म्हणाल्या नाहीत. परंतु त्यांच्या शरीरातील ॲड्रेनॅलीन वाढले होते, आणि त्यानंतर दिलेली अवघड कोडी त्यांनी लवकर सोडून दिली. मालकाला काम पुरे मिळाले. झीज मात्र तिची, आणि तीही तिच्या नकळत.

अर्थशास्त्रात याला सामाजिक खर्च म्हणतात. भिंती काढल्याने माणशी जागा कमी लागते, ती बचत ताळेबंदात दिसते. थकवा कोणत्याच रकान्यात येत नाही. मोकळ्या जागेमुळे सहकार्य वाढते, हे समर्थनही टिकत नाही. बर्नस्टाइन व टर्बन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोन कंपन्यांच्या मुख्य कचेऱ्या खुल्या केल्यानंतर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. माणसे ई-मेलच्या आड गेली.

कारखान्यासाठी आपण आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा धरत आलो. साधे संभाषण साठाच्या आसपासच असते, म्हणून ते त्या मापात सापडत नाही. शेजाऱ्याचे शब्द किती अंतरापर्यंत स्पष्ट ऐकू येतात, हे मोजण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत मात्र २०१२ पासून उपलब्ध आहे. बँका, विमा आणि माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रांतील संघटनांनी तशी मोजणी, ध्वनिशोषक आडोसे व एकाग्रतेच्या कामासाठी बंद खोल्या, एवढे तरी मागणीपत्रात घालावे. महागाई भत्त्याच्या खाली घातले तरी चालेल.