खिडकी डावी की उजवी?

मुलांनो, एसटीत खिडकीसाठी भांडला नाही असा तुमच्यात कुणी आहे का? बाहेरून रुमाल टाकून जागा धरणारेही असतीलच! विमानात रुमाल टाकून चालत नाही. तिथे जागा आधी निवडायची, आणि निवडताना डोकं चालवायचं. माझं कसं चुकलं, ते आज सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दार्जिलिंगला निघालो. दिल्लीहून बागडोगरा असं विमान होतं. माझ्या आईला जन्मात एकदा तरी हिमालय पाहायचा होता. मी ऐटीत तिच्यासाठी 'एफ' अक्षराची खिडकी घेतली. आई काचेला नाक लावून बसली. खाली नुसतं धुरकट मैदान! तासाभराने पलीकडची माणसं एकदम "ते बघा, ते बघा!" म्हणून त्यांच्या खिडक्यांकडे झुकली. पट्टे बांधून ठेवायची सूचना झालेली, त्यामुळे उठताही येईना. आई एवढंच म्हणाली, "असू दे गं. विमानात तर बसले."

दार्जिलिंगला तिन्ही दिवस ढग. आता उरला फक्त परतीचा प्रवास. मी ठरवलं, या वेळी उलट बाजू, म्हणजे 'ए'!

"थांब आई!" माझी चौथीतली लेक ओरडली. तिने वहीत बाण काढला. "येताना आपलं तोंड पूर्वेला होतं. मग उत्तर डाव्या हाताला. हिमालय उत्तरेला, म्हणून तो डावीकडच्यांना दिसला. आता तोंड पश्चिमेला. मग उत्तर कुठे?"

उजव्या हाताला! म्हणजे पुन्हा 'एफ'च. दरवर्षी वर्गात दिशा शिकवणारी मी बघतच राहिले.

तर बालमित्रांनो, एवढं लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंना तीन-तीन आसनं असलेल्या विमानात, पुढे तोंड करून बसलं की 'ए' ही डावी खिडकी आणि 'एफ' उजवी. मधल्या रांगांत बसलात तर खाली विमानाचा पंखच दिसेल, म्हणून पुढची नाहीतर अगदी मागची रांग बरी. ज्या बाजूला ऊन, त्या बाजूला डोळे दिपतात. शिवाय सावलीच्या बाजूला एक गंमत असते. खाली ढग असले, तर त्यावर विमानाची सावली आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्यासारखं गोल कडं कधी कधी दिसतं.

परतताना हवा स्वच्छ होती. आधी कांचनगंगा आलं, उंची ८५८६ मीटर. मग दूरवर एव्हरेस्ट, ८८४८ मीटरहून थोडं जास्तच. आईने काचेपाशीच हात जोडले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग नातीला म्हणाली, "ये, आता तू बस इथे. दिशा तूच शोधलीस ना!"

आता तुमचा गृहपाठ. पुण्याहून नाशिकला सकाळच्या एसटीने निघालात. नाशिक पुण्याच्या उत्तरेला आहे. ऊन नको असेल, तर कुठली खिडकी धराल? वहीत बाण काढा आणि आई-बाबांना समजावून सांगा. आणि हो, अर्ध्या वाटेत खिडकी धाकट्या भावंडाला द्यायला विसरू नका!