पाळणाघर की शेजारच्या काकू?

लेक आठ महिन्यांची असताना आमच्या घरीही हाच वाद झाला होता. गावात पाळणाघर एकच. दोन खोल्या, वीसेक पोरं आणि सांभाळायला एक बाई. बघून आलो आणि लेकीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं. काकूंनी जीव लावला, खोटं कशाला बोलू! पण त्या आजारी पडल्या की रजा बायकोचीच. मी एकदाही घेतली नाही, हे आज कबूल करतो.

२०१७ च्या कायदादुरुस्तीनं ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली. पण आपल्याकडे पतसंस्था, दुकानं, दवाखाने. पन्नास माणसं आहेत कुठे? अंगणवाडीत शिकायला बसवायचं तर मूल तीन वर्षांचं हवं, तेही काही तासच.

केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं, सहा महिन्यांच्या बाळापासून. मग बाजारपेठेजवळच्या एखाद्या अंगणवाडीसाठी आपल्या लोकप्रतिनिधींनी पाठपुरावा करायला काय हरकत आहे? मत मागायला येतील तेव्हा रस्ते-गटारीबरोबर हेही विचारा.

आणि बाबा लोकहो, पुढची रजा तुम्ही टाका.