भेट म्हणून मोबाइल



दहावीचा निकाल लागला की आमच्या करमाडच्या बाजारात दोन प्रकारच्या दुकानांत गर्दी होते. एक मिठाईची आणि दुसरी मोबाइलची. पेढे त्याच दिवशी संपतात. मोबाइल मात्र तीन-चार वर्षे घरात राहतो आणि दर महिन्याला रिचार्जचे पैसे मागतो. म्हणून तो कोणाला द्यावा आणि कोणता द्यावा, याचा विचार पेढ्यांपेक्षा थोडा जास्त व्हायला हवा. तो होत नाही, अशी माझी तक्रार आहे.

२०२५ च्या पावसाळ्यात एक गवंडीचाचा माझ्या घरी आले. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेतून दहावी पास झाला होता. "सर, मुलाला शब्द दिला होता. त्याने सव्वीस हजारांचा मोबाइल पसंत केला आहे. दुकानदार हप्ते बांधून देतो म्हणतो. घेऊ का?" असे त्यांनी विचारले.

मी त्यांना रोजची मजुरी विचारली. सातशे रुपये, तीही काम मिळेल तेव्हा. आम्ही दोघांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. सव्वीस हजार म्हणजे सदतीस दिवसांची मजुरी. पावसात बांधकामे थंडावलेली असतात, म्हणजे दोन-अडीच महिन्यांची कमाई समजा. चाचा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले.

हप्ता हा शब्द मूळचा फारसी, 'हफ्ता' म्हणजे आठवडा. मराठीत येऊन त्याचा अर्थ बदलला आणि तो थोडा थोडा करून फेडायच्या पैशांना चिकटला. खरेदी, रक्कम, पसंत, दुकान, वसूल हेही तुमच्या ओळखीचेच शब्द. मराठी बाजारात तुम्हांला परके वाटायला नको, ते यामुळेच. पण शब्द ओळखीचा असला तरी व्यवहार ओळखीचा असतोच असे नाही. 'बिनव्याजी हप्ता' म्हणतात, तेव्हा कागदपत्रांचे शुल्क वेगळे असू शकते, हप्ता चुकला तर दंड लागू शकतो, आणि रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती हप्तेवाल्याला मिळेलच असे नाही. सही करण्याआधी एवढेच विचारायचे, "सगळे मिळून शेवटी माझ्या खिशातून किती जाणार?" उत्तर कागदावर लिहून घ्यायचे.

मग मी दुसरा प्रश्न विचारला. "चाचा, घरात आणखी कोणाकडे मोबाइल आहे?" एक त्यांच्याकडे होता. चाचींकडे बटणांचा जुना फोन. मोठी मुलगी बारावीत, रोज एस.टी.ने छत्रपती संभाजीनगरला कॉलेजात जाते. तिच्याकडे काहीच नाही. तिचा अभ्यास मैत्रिणीच्या मोबाइलवर येतो आणि ती तो वहीत उतरवून घेते.

"मग भेट तिला का नको?" मी म्हणालो.

चाचा गप्प झाले. नंतर म्हणाले, "मुलीच्या हातात मोबाइल... लोक काय म्हणतील?"

मित्रांनो, हा प्रश्न चाचांच्या एकट्याच्या घरातला नाही, आणि एका जातीधर्माचा तर नाहीच नाही. 'असर' या नावाने देशभर शिक्षणाची पाहणी होते. २०२३ साली या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना मोबाइलबद्दल विचारले होते. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. वापरता तर बहुतेक दोघांनाही येतो. कमी आहे ती मुलींची मालकी.

त्याचा परिणाम काय होतो, हे मी जवळून पाहिले आहे. २०२५-२६ या वर्षापासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. शेजारच्या वस्तीतली एक हुशार मुलगी अर्ज भरायला नेट कॅफेत गेली. तिच्या भावाला दोन वर्षांपूर्वी दहावी पास झाल्याबद्दल मोबाइल मिळाला होता. तिला त्याच्यापेक्षा बरेच जास्त गुण होते, आणि भेट म्हणून मनगटी घड्याळ मिळाले होते. अर्जात भावाचा नंबर दिला होता. पडताळणीचा आकडा, ज्याला आपण ओटीपी म्हणतो, तो त्या नंबरवर गेला. भाऊ शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामावर. तिथे कामाच्या जागी मोबाइल नेता येत नाही, तो कपाटात कुलूपबंद. आकडा काही मिनिटांतच निकामी होतो. मुलगी दोनदा मोकळी परतली. तिसऱ्या दिवशी भावाने रजा टाकली, एका दिवसाचा पगार बुडाला, तेव्हा अर्ज भरला गेला. त्या नेट कॅफेत ती बाकावर बसून घड्याळाकडे पाहत होती. घड्याळ अगदी बरोबर वेळ दाखवत होते.

शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे खाते, परीक्षेचा निकाल, सगळे आता मोबाइलच्या नंबराशी बांधलेले आहे. ज्याच्या हातात तो नंबर, त्याच्या सवडीने दुसऱ्याचे काम होते. म्हणून माझे मत असे की, घरात एकच मोबाइल घेण्याची ऐपत असेल, तर आधी कोणाचे काम अडते ते पाहावे. मुलगा की मुलगी, हे नंतर पाहावे. खरे तर पाहूच नये.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, "सर, मोबाइलचे तोटेही सांगा ना." सांगतो. ते तुम्हांला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत. रात्री एक वाजता चादरीखाली उजेड कोणाच्या घरी दिसतो, हे मी वर्गात विचारले होते. हसू सगळ्यांनाच आले. हात एकानेही वर केला नाही.

या तोट्यांवर आपल्या महाराष्ट्रात लोकांनी वेगवेगळे उपाय केले आहेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात झाली. सात ते साडेआठ घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे, असे ठरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी घालणारा ठराव केला. परदेशातही हेच वारे आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. तिथे जबाबदारी मुलांवर किंवा पालकांवर नाही, कंपन्यांवर टाकली आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

मला स्वतःला वडगावचा भोंगा आवडतो. कारण तो मोठ्यांसाठीही वाजतो. अब्बा ओट्यावर बसून व्हिडिओ पाहत आहेत आणि आत मुलाला म्हणतात, "मोबाइल ठेव, पुस्तक घे", हा उपदेश कोण ऐकणार? बान्सीच्या गावकऱ्यांची काळजी मला समजते, पण बंदी फक्त मुलांना असेल तर ती मला अर्धवट वाटते. शिवाय २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा याच मोबाइलवर आपण शिकलो. ज्यांच्या घरी तो नव्हता, ती मुले मागे पडली, आणि त्यातली काही पुन्हा शाळेत दिसलीच नाहीत. तुमच्या पाठ्यपुस्तकांवर तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला आहे, तोही मोबाइलशिवाय मुकाच राहतो.

आता भीतीची गोष्ट. मुलीच्या हाती मोबाइल दिला तर कोणी त्रास देईल, फोटो पळवील, धमकावील, ही भीती खोटी नाही. मुलांनाही असा त्रास होतो, ते सांगत नाहीत एवढेच. परंतु मी पाहतो ते असे की, त्रास झाला तरी मूल घरी बोलत नाही. का? तर मोबाइल काढून घेतील म्हणून. म्हणजे काढून घेण्याची धमकी त्रास देणाऱ्याच्या कामी येते! भेट देतानाच आईवडिलांनी हे वाक्य मोठ्याने म्हटले पाहिजे: "काही वाईट झाले तर आधी मला सांग. मी मोबाइल घेणार नाही, रागावणार नाही." आणि तुम्हीही दोन आकडे पाठ करून ठेवा. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर १९३०, आणि मुलांवरच्या कोणत्याही संकटात मदतीसाठी १०९८.

आईवडिलांनी मुलांचा मोबाइल उघडून पाहावा का? तेराव्या वर्षी पाहावा, असे मी म्हणतो. मुलाला सांगून, त्याच्यासमोर पाहावा, चोरून नव्हे. सतराव्या वर्षी मात्र हात आखडता घ्यावा. या बाबतीत आमच्या शिक्षकांच्या खोलीत माझ्याशी सहमत असलेले फार थोडे आहेत, हेही सांगून टाकतो.

आता चाचांच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. कोणता घ्यावा? दुकानात गेलात की दुकानदार आधी कॅमेरा दाखवतो. तुम्ही आधी बॅटरी पाहा. साध्या किमतीच्या मोबाइलमध्येही आज पाच हजार एमएएचची बॅटरी मिळते. दिवसभर कॉलेज आणि एस.टी.चा प्रवास करणाऱ्याला तीच उपयोगी. त्यानंतर साठवणुकीची जागा पाहा, कारण जागा भरली की मोबाइल रांगू लागतो. सुरक्षेच्या सुधारणा कंपनी किती वर्षे पुरवणार आणि दुरुस्तीचे अधिकृत केंद्र शहरात आहे का, हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ते तुम्ही विचारा.

पैसे वाचवायला पैठण गेटच्या बाजारातून वापरलेला मोबाइल घ्यायलाही हरकत नाही. पण मूळ पावती मागा. मग त्या मोबाइलवर *#०६# दाबा. पडद्यावर पंधरा आकडी क्रमांक येतो. प्रत्येक मोबाइलचा हा क्रमांक वेगळा असतो. के, वाय, एम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग एक मोकळी जागा आणि पुढे तो क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश पाठवला की त्या मोबाइलची माहिती येते. चोरीचा म्हणून बंद केलेला मोबाइल असेल तर तिथेच कळते. सिमकार्ड मात्र अठरा वर्षांखालील मुलाच्या नावावर मिळत नाही. ते आई किंवा वडिलांच्या नावावर घ्यावे लागते. माझा सल्ला, आईच्या नावावर घ्या. त्या निमित्ताने तिचेही एक काम तिच्या नावावर होईल.

माझ्या लहानपणी आमच्या मामांचा सौदीहून फोन यायचा, तो पिवळ्या पाटीच्या एस.टी.डी. दुकानात. दुकानाचा पोरगा धावत घरी सांगायला यायचा आणि सारे घर चपला शोधत निघायचे. भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले, कोलकात्यातून ज्योती बसू आणि दिल्लीत सुखराम यांच्यात. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. मामांचा आवाज ऐकायला आम्ही रांगेत उभे राहत असू. त्या तीन मिनिटांत कोण किती बोलणार, हे अम्मी आधीच वाटून द्यायची. आज वेळ भरपूर आहे आणि वाटून देणारे कोणी नाही.

चाचांनी शेवटी दहा हजार पाचशेचा मोबाइल रोखीने घेतला. पंधरा दिवसांची मजुरी. पावतीवर मुलीचे नाव घातले. मुलगा दोन दिवस जेवायला उशिरा आला, असे चाचींनी सांगितले. त्यालाही सायकल दुरुस्त करून मिळाली, तेव्हा तो थोडा निवळला.

सिम चाचींच्या नावावर आहे. रात्री दहानंतर मोबाइल स्वयंपाकघरातल्या फडताळावर जातो, आणि चाचांचाही त्याच्या शेजारी. मुलीने भिंतीवर एक कागद लावला आहे. त्यात सात ते आठ ही वेळ भावाच्या नावावर लिहिली आहे. क्रिकेटचा सामना आठच्या पुढे गेला की काय करायचे, यावर दोघांचे भांडण अजून चालू आहे. परवा ते माझ्याकडे निवाड्यासाठी आले होते. मी म्हणालो, चाचींना विचारा.