सत्तरी ओलांडलेल्यांची गोळी

सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकास, त्याची मिळकत न पाहता, आयुष्मान भारत योजनेत घेण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये केला आणि पुढील महिन्यात त्याचा आरंभही झाला. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य! या निर्णयाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु म्हाताऱ्या माणसाचे दुखणे ज्यांनी घरात पाहिले आहे, त्यांच्या मनात एक शंका आल्यावाचून राहणार नाही.

ही योजना रुग्णालयातील खाटेपुरती आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी परतल्यानंतरचे १५ दिवस एवढाच तिचा पदर पुरतो. रक्तदाब व मधुमेह मात्र पंधरा दिवसांत निरोप घेत नाहीत. सोळाव्या दिवशीची गोळी कोणी घ्यावयाची? निराधार वृद्धाच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत दरमहा अवघा २०० रुपये आहे. राज्याची भर पडली तरी त्यात आधी मीठमिरचीच भागवावी लागते. गोळी चुकते, रक्तदाब चढतो, पक्षाघात होतो आणि मग तो वृद्ध योजनेस पात्र ठरतो!

सरकारी आरोग्य केंद्रात या गोळ्या फुकट मिळतात, असे आम्हांस सांगण्यात येईल. खरे आहे. पण खानापूर तालुक्यातील आमगाव, कोंगळा, पास्तोली यांसारख्या भीमगडच्या रानातील गावांतून पावसाळ्यात आजाऱ्याला माणसांच्या खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावे लागते. तेथील गुडघे धरलेल्या म्हातारीने महिन्याच्या गोळ्यांसाठी ती वाट तुडवावी काय? आणि तुडवलीच, तर पुडीवरील सूचना तिला समजेल अशा मराठीत कोणी सांगावी?

उपाय शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. घरोघर जाऊन रक्तदाब व साखर तपासण्याची आणि औषध पोचविण्याची ‘गृह आरोग्य’ योजना कर्नाटक सरकारनेच ऑक्टोबर २०२४ मध्ये कोलार जिल्ह्यात सुरू केली व पुढे ती राज्यभर नेण्याचे ठरविले. कल्पना उत्तम आहे. ती सुचविणाऱ्यांचे आम्ही अभिनंदनच करू. मात्र अशा योजना डांबरी रस्ता संपतो तेथे संपतात, हा नित्याचा अनुभव आहे. म्हणून आमची मागणी एवढीच की, बेळगाव जिल्ह्यात या योजनेची फेरी रानातील वाड्यांपासून सुरू करावी, गावची बोली जाणणारी आशा सेविका तीबरोबर असावी, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या गोळ्या मृगापूर्वीच घरोघर पोचत्या कराव्यात. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी या फेरीचे गावनिहाय वेळापत्रक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे.