आधी अंधार, मग कॅमेरा
दीर्घिका आणि तेजोमेघ टिपायचे म्हणून महागडे कॅमेरे घेऊ पाहणाऱ्या सातारा-सांगलीच्या हौशी मंडळींनी पैशांआधी अंधार शोधावा, असे माझे ठाम मत आहे. हिशेब सोपा आहे. १०० छायाचित्रे एकावर एक रचली की नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) दहापट दबतो, १,००० रचली तरी जेमतेम बत्तीसपट. उलट आकाशच दहापट उजळ असेल, तर तीच प्रत मिळवायला वेळही दहापट लागतो. एका रात्रीच्या कामाला दहा रात्री! मग फिल्टर लावा, असे कोणी म्हणेल. मृगातल्या तेजोमेघाला तो लागू पडतो, कारण हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश वेगळा काढता येतो. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश मात्र सगळ्या रंगांचा, आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडीचाही तसाच. तिथे फिल्टर निवडणार काय? छायाचित्रांवर प्रक्रिया करणारी सिरिलसारखी मोफत संगणक प्रणाली पार्श्वभूमीचा उजेड वजा करते, बुडालेला तपशील परत आणत नाही. आणि आपले आकाश सामान्य नाही. इंग्लंडमधून कधीच न दिसणारा नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ साताऱ्यात दक्षिण क्षितिजावर सुमारे २५ अंश चढतो, नेमका शहरांच्या झगमगाटात हरवणाऱ्या पट्ट्यात. रस्त्यावर दिवे हवेतच, पण त्यांचा उजेड रस्त्यावर पडावा, ढगांवर नव्हे. हे जमते: विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे अंधारे आकाश राखणाऱ्या उद्यानाचा, दर्जा मिळाला. साताऱ्याजवळच्या कास पठारावरील फुलांसाठी आपण जागे झालो, आता तिथल्या रात्रीसाठीही व्हा. आपल्या ग्रामपंचायतीकडे दिव्यांना टोप्या मागा.