थांबायचे कशाला?

"काही मुले उशिरा बोलतात. थांबा जरा!" असे घरातील मोठी माणसे म्हणतात. हा सल्ला मला पटत नाही. दोन वर्षांचे मूल 'अम्मी, पानी' असे दोन शब्दही जोडत नसेल, तर आधी त्याचे कान तपासावेत. ऐकूच येत नसेल, तर ते बोलणार कसे? घरात उर्दू आणि गल्लीत मराठी, म्हणून मूल गोंधळते, असेही कोणी म्हणतात. बिचाऱ्या भाषांना उगीच दोष! दोन भाषांमुळे बोलणे अडत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे डॉक्टर अंगणवाडीत येऊन मुलांच्या बोलण्याचीही मोफत तपासणी करतात. तुमचा धाकटा भाऊ अजून बोलत नसेल, तर त्या दिवशी अम्मीबरोबर तुम्हीही जा. डॉक्टरांपासून काही लपवू नका.